हत्ती, होडी आणि दोन जावा

हत्तीवाली कंपनी आणि होडीवाली कंपनी एक झाल्या, हे मला पडद्यावर कळलं. पत्रं आली असतील, पण पत्रं सून वाचते. शुक्रवारी दुपारी नवा सिनेमा लागला. मी नेहमीसारखी मागच्या दाराशी उभी होते. सिनेमाच्या आधी कंपनीचं चित्र येतं. चाळीस वर्षं तिथे हत्ती येतो, सोंड वर करतो, ओरडतो आणि जातो. त्या दिवशी हत्ती आला तो होडीत बसून. होडी डुलतेय, हत्ती सोंडेने वल्हं मारतोय, मागे बॅंड वाजतोय. लोक खदाखदा हसले. मी मात्र हसले नाही.

का, ते सांगते.

माझ्या सासऱ्यांची दोन थेटरं. एकाच रस्त्याच्या दोन टोकांना, मध्ये दहा मिनिटांची चाल. मुलगेही दोनच. म्हातारा हुशार होता. वाटणीच्या दिवशी म्हणाला, "थोरल्याने हत्तीचे सिनेमे लावायचे, धाकट्याने होडीचे. एकमेकांच्या ताटात हात घालायचा नाही." झालं. मोठं थेटर आमच्याकडे आलं, धाकटं दिराकडे. हत्तीचा सिनेमा चालला की आमच्या घरी आनंद व्हायचा. होडीचा आपटला की त्याहून जास्त व्हायचा. पुढे दोघे भाऊ गेले. माझ्या थेटराची मालकीण मी झाले, तिकडची माझी जाऊ.

जावेशी माझं एकोणीस वर्षं बोलणं नव्हतं. कारण एवढंच, की वाटणीच्या दिवशी ती चार माणसांत म्हणाली, "मोठ्या थेटरातल्या खुर्च्या करकरतात." करकरायच्याच त्या, नाही म्हणत नाही मी. पण म्हणायचं कशाला?

तर होडी आणि हत्ती वेगळे होते तोवर आम्ही दोघी सुखाने वेगळ्या होतो. आता ती दोघं एक झाली होती.

सोमवारी कंपनीचा माणूस आला. पूर्वी माझ्याकडे हत्तीवाल्यांचा यायचा, गुबगुबीत, लांब नाकाचा. त्याला मी सोंड्या म्हणायचे, तोंडावर. हा होडीवाल्यांचा होता, उंच, काटकुळा, पावलं मात्र हीऽऽ रुंद. याचं नाव मी बसल्या बसल्या ठेवलं. वल्हेमास्तर.

"सोंड्या कुठाय?" मी विचारलं.

"त्यांना घरी बसवलं, बाई. दोन कंपन्यांच्या दोन खुर्च्या होत्या, एक ठेवली."

"मग तुम्ही कसे राहिलात?"

"माझा पगार कमी होता."

माणूस खरं बोलत होता. मी चहा सांगितला.

"आता ऐका," तो म्हणाला. "हत्ती वर्षाला पंधरा सिनेमे काढायचा. होडी पंधरा. आता दोघं मिळून बारा काढणार."

"मी शाळेत कधी गेले नाही," मी म्हटलं, "पण पंधरा नि पंधरा बारा होत नाहीत एवढं मलाही येतं."

"वरच्या लोकांच्या शाळेत होतात. होडीचा स्टुडिओ बंद केला ना. तिथे आता गोदाम आहे. सुतार, रंगारी, शिंपी, सगळ्यांना निरोप दिला. नकली राजवाडे उभे होते, ते फोडून लाकूड विकलं. मी स्वतः बघितलं, सिंहासनाचा एक पाय घेऊन एक माणूस सायकलवरून घरी चालला होता."

"अरे देवा. काय करणार तो त्याचं?"

"मीही विचारलं. म्हणाला, टेबलाला लावीन."

त्याने चहा संपवला. मग तो मुद्द्यावर आला. सिनेमे कमी, म्हणून थेटरंही कमी हवीत. एका भागात कंपनी एकाच थेटराला सिनेमा देणार, ज्याला गर्दी जास्त त्याला. दुसऱ्याने काय करायचं? तर दुसऱ्याने काहीही करावं. गोदाम करावं.

"येत्या शुक्रवारी एकच सिनेमा तुमच्याकडेही लागतोय आणि तुमच्या जाऊबाईंकडेही. रविवारी दुपारी मी येतो. मध्यंतराच्या आधी तुमच्याकडची डोकी मोजतो, नंतर त्यांच्याकडची. ज्यांची जास्त, त्यांचं नाव लिहितो."

"डोकी कशाला? तिकिटं मोजा की."

"तिकिटं मालक स्वतःच विकत घेतात, बाई. याआधीच्या भागात एका थेटरात सगळी तिकिटं खपली होती आणि आत फक्त एक मांजर होतं. म्हणून आता डोकी. माणसाची."

तो गेला आणि मी सुनेला हाक मारली.

रविवारी दुपारी माझ्याकडे फार तर चाळीस माणसं असतात. बाकीच्यांना सिनेमा महिन्याभरात फोनवर मिळतो, ते घरी पाय पसरून बघतात. पण आमचं खानदान दांडगं. सासऱ्यांना भावंडं नऊ, त्यांची मुलं, त्यांच्या सुना, जावई, व्याही, व्याह्यांचे व्याही. एकाला शिंक आली तर शंभर घरांत रुमाल काढतात. मी सुनेला म्हटलं, "सगळ्यांना कळव. रविवारी फुकट सिनेमा. चहासुद्धा. जो येणार नाही त्याच्या घरच्या लग्नात मी येणार नाही."

"हे ऐकून काहीजण मुद्दाम नाही यायचे, आई," सून म्हणाली.

"तोंड आवर आणि फोन कर."

तासाभरात ती परत आली. सगळे येतायत. अगदी सगळे. नवऱ्याच्या आत्याबाईसुद्धा, ज्या जिना चढायचा म्हणून स्वतःच्या गच्चीवर सहा वर्षं गेल्या नाहीत.

"फक्त आत्याबाईंनी विचारलंय," सून म्हणाली, "मोजणारा माणूस तुमच्याकडे किती वाजेपर्यंत असेल."

"मध्यंतरापर्यंत. का?"

"काही नाही. विचारलं त्यांनी." आणि पोरीने फोनमध्ये मान घातली.

मला तेव्हाच वास यायला हवा होता. पण माझं लक्ष खुर्च्यांकडे होतं. मी मुलाला तेलाची बाटली देऊन प्रत्येक खुर्चीच्या बिजागरीला तेल घालायला लावलं. तीनशे वीस खुर्च्या. तो म्हणाला, "आई, आपला खेळ तीनला आणि काकूंचा सव्वातीनला कसा? दोघांचा तीनलाच असतो ना?" मी म्हटलं, "तिच्याकडे काहीच वेळेवर होत नाही. तू तेल घाल."

रविवारी अडीचपासून रीघ लागली. इतकी माणसं माझ्या थेटरात मी फार वर्षांनी बघितली. चुलत सासरे चाकाच्या खुर्चीतून आले. व्याही कडक इस्त्रीचे कपडे घालून, जणू मुलगी बघायला आलेत. आत्याबाई एका हातात काठी आणि काखेत उशी घेऊन आल्या.

"उशी कशाला? खुर्च्या मऊ आहेत माझ्या," मी म्हटलं.

"सगळीकडच्या नसतात ना गं," आत्याबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. तेही माझ्या डोक्यावरून गेलं.

वल्हेमास्तर आले. त्यांच्या हातात एक छोटं मोजायचं यंत्र. खटका दाबला की टक, एक डोकं. ते रांगेरांगेतून फिरले. टक टक टक. मधल्या रांगेतल्या एका भाच्याने बाळाला वर उचलून धरलं आणि म्हणाला, "हेही धरा." टक. बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. दोनशे छप्पन्न. खुर्च्या एकदाही करकरल्या नव्हत्या. मी त्यांना स्वतःच्या हाताने चहा दिला. मध्यंतर व्हायच्या जरा आधी ते पिशवी उचलून जावेच्या थेटराकडे निघाले. मी मनात म्हटलं, जा, बघ जा रिकाम्या खुर्च्या.

मध्यंतराची घंटा झाली. मी चहाच्या खिडकीशी उभी राहिले. दोनशे माणसं येणार, म्हणून मोठी किटली चढवली होती.

मध्यंतरात माणूस दोनच ठिकाणी जातो. एक चहाकडे आणि दुसरं सांगायला नको. पण ही माणसं तिसरीकडेच निघाली. दार उघडलं आणि सगळं खानदान पायऱ्या उतरून सरळ रस्त्यावर! पुढे आत्याबाई, काठी टेकत. मागे व्याही, भाचे, पुतण्या, बाळ. चाकाची खुर्ची ढकलत होती माझी सून. माझी!

सायकल दुरुस्तीवाला दुकानातून बाहेर येऊन बघायला लागला. शिंप्याने मशीन थांबवलं. "आग लागली का?" तो ओरडला.

"लागेल आता," मी म्हटलं आणि आत्याबाईंना गाठलं. "कुठे चाललात सगळे?"

"धाकटीकडे," त्या न थांबता म्हणाल्या. "थांबवू नकोस, तिचं मध्यंतर संपायच्या आत पोचायचंय. माझा वेग तुला ठाऊक आहे."

"धाकटीकडे?"

"अगं तिनेही बोलावलंय. तूही बोलावलंस. दोघी आमच्याच घरच्या सुना. एकीकडे गेलो तर दुसरीला काय तोंड दाखवायचं? म्हणून मीच ठरवलं. मध्यंतरापर्यंत थोरलीकडे, मध्यंतरानंतर धाकटीकडे. सिनेमा तोच, माणसं तीच, कुणाचा रुसवा नको."

"आणि माझं थेटर ओस पडलं त्याचं काय?"

"तुझं मोजून झालं ना? मग आता भरलेलं काय नि रिकामं काय!"

या म्हातारीशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही. मी सुनेकडे वळले. "आणि तू गं? खेळाच्या वेळा कुणी मागेपुढे केल्या?"

"तिकडच्या वहिनीने," सून म्हणाली. जावेची सून म्हणायची होती तिला. "एकाच वेळी मध्यंतर झालं असतं तर आत्याबाई वेळेत पोचल्या नसत्या ना."

"तुम्ही दोघी बोलता एकमेकींशी?"

"रोज, आई. आमचं कुठे भांडण आहे?"

 परत फिरायला हवं होतं. पण पाय पुढेच पडत गेले. एकोणीस वर्षांत त्या रस्त्याच्या त्या टोकाला मी गेले नव्हते.

थेटराच्या पायरीवर जाऊ उभी होती. केस पांढरे झालेत, पाठ मात्र ताठ. माणसांचा लोंढा बघून ती आधी फुलली. मग तिला मागे मी दिसले.

"या ताई," ती म्हणाली. "तुम्हीही आलात? तुमच्याकडे खेळ चालू नाही वाटतं?"

"चालू आहे," मी म्हटलं. "माझे प्रेक्षक तुझ्याकडे पायी आणून सोडते आहे. तुला जमत नाही ना गोळा करायला."

"तुमचे प्रेक्षक? ही माणसं मी बोलावलीत."

"मीही."

ती एकदा आत्याबाईंच्या उशीकडे बघायला लागली, एकदा चाकाच्या खुर्चीकडे. हिशोब तिच्या डोक्यात माझ्याहून लवकर होतो, तिने शाळा पूर्ण केलीय. "म्हणजे ही सगळी आत्ता तुमच्याकडून..."

"अर्धा सिनेमा बघून आली."

"अगं बाई," ती म्हणाली आणि आम्ही दोघी एकदमच आत धावलो. उशीर झाला होता.

वल्हेमास्तर रांगेरांगेतून टक टक करत चालले होते. दिवे अजून लागलेले होते. तिसऱ्या रांगेत आत्याबाई उशी टेकवून, काठी बाजूला ठेवून ऐसपैस बसल्या होत्या. तो जवळ येताच त्यांनी तोंडभर हसून विचारलं, "आलास का बाबा? थोरलीकडचा चहा झाला ना? तिचा चहा जरा पातळच असतो."

टक थांबलं.

त्याने आत्याबाईंकडे बघितलं. मग चाकाच्या खुर्चीकडे. मग भाच्याने पुन्हा वर उचलून धरलेल्या बाळाकडे. "हेही धरा," भाचा म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने बाळ हळूच खाली घेतलं.

दिवे मालवले, सिनेमा सुरू झाला. आम्ही चौघं बाहेर व्हरांड्यात आलो. मी, जाऊ, वल्हेमास्तर, आणि आत्याबाई, ज्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"बाई," वल्हेमास्तर म्हणाले, "एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला पुष्कळांनी फसवलं. पण फसवणारेच माझी विचारपूस करतात, हे आज पहिल्यांदा."

"फसवलं कुठे?" आत्याबाई म्हणाल्या. "तिथेही खरी माणसं होती, इथेही खरी."

"तीच होती ना पण!"

"मग काय वेगळी आणायची? आमच्याकडे एवढीच आहेत."

त्याने कपाळाला हात लावला. मग पिशवीतून कागद काढला, गुडघ्यावर ठेवला. "नियमाने दोन्ही नावं खोडायला हवीत. पण कुणाचंच लिहिलं नाही तर साहेब म्हणतील, हा भाग गेला, मग तिथे माणूस कशाला? आणि मी सोंड्याच्या शेजारी घरी बसेन. म्हणून एक करतो. पहिली मोजणी खरी धरतो, दुसरी रद्द. थोरल्या बाई, तुमचं नाव लिहितो."

जिंकले मी. सरळ जिंकले. याच क्षणासाठी मी आठवडाभर तेल घालून घेत होते.

जावेने चेहरा जराही हलू दिला नाही. "घ्या ताई," ती म्हणाली. "उद्यापासून माझी माणसं तुमच्याकडे पाठवते. मात्र त्यांना आधी सांगावं लागेल की तिथे दोन रांगांमध्ये पाय ठेवायला जागा नाही."

"पाय ठेवायला थेटरात येतात का? मग मोच्याकडे जा म्हणावं."

हे तोंडातून गेलं आणि मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. एकोणीस वर्षं मी ही वाक्यं मनातल्या मनात तिला ऐकवत होते आणि मनातल्या मनात उत्तरंही मीच देत होते. तिची खरी उत्तरं माझ्या उत्तरांपेक्षा चांगली होती. इथे गोदाम झालं तर मी गोदामाशी भांडणार होते का?

आणि दुसरंही दिसलं. हत्ती आणि होडी वेगळे होते तोवर सोंड्या माझ्यापुढे नमून असायचा, कारण मी रुसले तर होडीकडे जाईन ही त्याला भीती. आता ते दोघे एक झालेत, आणि मी एकटी उरले, तर पुढच्या वर्षी हाच माणूस येऊन सांगेल, बाई, खुर्च्या बदला, भिंती बदला, चहा बदला. मी कुणाच्या जिवावर नाही म्हणणार? ते एक होऊन मोठे झाले. आम्हाला कुणी अडवलंय?

"थांबा," मी म्हटलं. "एका भागात एक थेटर, असं लिहिलंय ना? एका थेटरात पडदे किती?"

"कितीही. मोठ्या शहरांत आठ-आठ असतात."

"दोन पडद्यांमध्ये अंतर किती असावं?"

त्याने कागद उलटसुलट केला. "तसं काही लिहिलेलं नाही."

"मग लिहा. थेटर एक, पडदे दोन. मधला रस्ता म्हणजे आमचा व्हरांडा."

"व्हरांड्यात सायकलवाला आणि शिंपी?"

"मोठ्या थेटरांत नसतात का दुकानं?"

आत्याबाई काठी आपटून हसल्या. वल्हेमास्तर हसले नाहीत, पण लिहायला लागले. पडदे दोन म्हणजे माझे दोन सिनेमे इथे लागतील, असं पुटपुटले, आणि त्यांच्या रुंद पावलांत जरा जीव आला. मग अडले. "मालक म्हणून एकच नाव लागतं."

मी जावेकडे बघितलं. तिने माझ्याकडे. आत्याबाई म्हणाल्या, "माझं लिहा, मी कुणाचीच जाऊ नाही," पण त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

"रोज कंपनीची पत्रं येणार," वल्हेमास्तर म्हणाले. "फोनवर वाचायची, त्याच दिवशी उत्तर द्यायचं. नाही दिलं तर सिनेमा मशीनवर उघडतच नाही."

माझी पत्रं सून वाचते. ती कुठल्या बाजूची आहे, हे मला आज कळलं होतं.

"तिचं लिहा," मी म्हटलं.  "पण पडदा एक म्हणजे माझा. तिचा दोन."

जाऊ पुढे आली. तिने पेन घेतलं, झोकात सही केली, आणि कागद परत देण्याआधी मला दाखवला, जणू मला वाचता येतं. मी वाचल्यासारखं केलं. मग तिनेच बोट ठेवून दाखवलं. थेटराच्या नावाच्या जागी तिने आधी माझ्या थेटराचं नाव लिहिलं होतं, मग तिच्या. तेवढी दोन नावं मला येतात.

"वयाने मोठ्या आहात," ती म्हणाली. "बाकी काही नाही."

"माहितीये."

वल्हेमास्तर गेले. आतून लोकांच्या हसण्याचा आवाज आला.

"माझ्याकडे दाराशी कुणी नाही," मी म्हटलं. "निघते."

"मुलगा आहे ना तिथे? आलाच आहात तर शेवट बघून जा."

"तुझ्या पडद्यावर? सून म्हणते उजव्या कोपऱ्यात डाग आहे."

"माझी सून म्हणते तुमच्या खुर्च्या आता करकरत नाहीत. मी विश्वास नाही ठेवला. तुम्ही या, स्वतः बघा."

मी आत गेले. अंधारात आत्याबाईंनी काठीने शेजारची खुर्ची दाखवली आणि लगेच कानाशी लागल्या, कोण कुणाचा भाऊ निघाला ते सांगायला. मी म्हटलं, "आत्याबाई, तीन दिवस मीच दाखवतेय हा सिनेमा." त्यांनी तरीही सगळं सांगितलं. मी पडद्याच्या उजव्या कोपऱ्याकडे बघत बसले. डाग नव्हता. पाय मात्र खरंच पुरते पसरले, पार पुढच्या खुर्चीखाली. जाऊ मागच्या दाराशी उभी राहून माझ्याकडेच बघत असणार, हे ठाऊक होतं, म्हणून मी हळूच ते पुन्हा जवळ ओढून घेतले.